‘मधली शंभर पानं रेंगाळतात’ : एका वाचकाला प्रकाशकाचं उत्तर

नमस्कार,

आमच्या कादंबरीवर इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पाचपैकी तीन तारे दिलेत. तालुक्याचं गाव, कारखाना, भावकी हे सगळं आवडलं. पण मधली शंभर पानं रेंगाळतात, संशयितानं पोलिसांपुढे कबुली दिल्यावरही गोष्ट उगाच ताणली आहे आणि मयताची बायको शेवटपर्यंत कळत नाही, असं तुमचं म्हणणं. हे पुस्तक छापायचं मी ठरवलं, तेव्हा त्याची बाजू मांडणं माझं काम आहे.

त्या शंभर पानांबद्दल आधी बोलतो, कारण माझ्या मते पुस्तकाचा जीव तिथेच आहे. उसातल्या विहिरीत प्रेत सापडतं. अशा वेळी फौजदार लगेच खुनाचा गुन्हा दाखल करत नाही. आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, प्रेत ग्रामीण रुग्णालयात जातं. माणूस बुडून मेला की मेल्यावर विहिरीत टाकला, हे नुसतं बघून दरवेळी सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर मृत्यूचं कारण राखून ठेवतात आणि व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, व हाड प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे हाडाच्या मगजात डायटम, म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, शोधतात. जिवंत माणूस बुडताना पाणी फुप्फुसात ओढतो आणि रक्ताबरोबर ते कण हाडापर्यंत पोचतात. रक्ताभिसरण थांबल्यावर ते सहसा तिथवर जात नाहीत. हा अहवाल येईपर्यंत फौजदाराच्या हातात ठोस काही नसतं.

इकडे कारखान्याचा हंगाम सुरू झालेला असतो. तोडणीची टोळी एकेक फड मोकळा करत विहिरीकडे सरकते. ऊस तुटला, पाचट पेटवलं, की त्या रानात शोधण्यासारखं काहीच उरणार नाही, हे फौजदाराला कळतं आणि ज्यानं खून केला त्यालाही. तुम्हाला तिथे काही घडत नाही असं वाटलं. मला मात्र टोळी पुढच्या फडात शिरली की दर वेळी धडधडायचं. लेखकानं ती पानं कापायची तयारी दाखवली होती. मीच नको म्हणालो, आणि आजही नकोच म्हणेन.

आता कबुली. कथा २०१२ सालची आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. जुलै २०२४ पासून कायदा बदलला, तरी ही तरतूद राहिलीच आहे. तेव्हा ठाण्यातल्या खोलीत तो ‘मीच मारलं’ म्हणाला, तरी त्या वाक्याच्या जोरावर कोर्टात खटला टिकत नाही. कलम २७ थोडी वाट देतं : कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला जबाबाचा तेवढा भाग ग्राह्य धरता येतो. म्हणूनच शेवटच्या भागात ती कोयत्याची मूठ शोधायची एवढी धडपड आहे. आणि ती सापडताना सही करायला पंच हवेत. चार-पाच वर्षांनी कोर्टात उभं राहून ‘होय, माझ्यासमोर सापडली’ म्हणेल असा माणूस, जिथे निम्मं गाव आरोपीच्या सोयऱ्याधायऱ्यांत आहे, तिथे मिळवणं किती अवघड! पंच शोधण्याचं ते प्रकरण तुम्हाला लांबण वाटलं. छोट्या गावातल्या गुन्ह्याबद्दल मी वाचलेल्या पानांत त्याच्याइतकं खरं मला फार थोडं भेटलं आहे.

बोलीतल्या संवादांना टीपा हव्या होत्या, असंही तुम्ही लिहिलंय. टीपा देणार नाही. दोन-तीन प्रकरणांत कान सरावतो.

बायकोबद्दलचा मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो. दिवसकार्याच्या प्रसंगात ती एकच प्रश्न विचारते आणि तिथे वाटतं, आता ही बोलेल. मग दीडशे पानं ती नुसती दारात उभी. तिला काय माहीत होतं आणि ती कुणाच्या भीतीनं गप्प राहिली, हे वाचायला मलाही आवडलं असतं. तुमचा हा परिच्छेद मी लेखकाला जसाच्या तसा पाठवला आहे.

एक विनंती. खून कोणी केला, हे तुम्ही दुसऱ्याच ओळीत नावानिशी लिहिलं आहे. पुस्तक घ्यावं की नाही हे ठरवायला लोक इथे येतात, आणि ते नाव कळलं की टोळी विहिरीकडे सरकण्यातली धाकधूक त्यांच्यासाठी संपते. तेवढं वाक्य शेवटी न्या आणि त्याच्या आधी सूचना द्या. बाकी एकही शब्द बदलू नका, तारेही तेवढेच राहू द्या.

— प्रकाशक