बाड प्रकाशकाकडे आहे

कादंबरी लिहून झालीय पण प्रकाशक मिळालेला नाही, असं कुणालाही सांगा. दुसऱ्या वाक्याला हॅरी पॉटर येतो. "अहो, रोलिंगला तर बारा प्रकाशकांनी नाकारलं होतं!" हो, माहीत आहे. १९९७ मध्ये ब्लूम्सबरीनं ते पुस्तक काढलं तेव्हा पुठ्ठा बांधणीच्या पहिल्या छपाईत ५०० प्रती होत्या, हेही माहीत आहे. पण बारा नकारांनंतर ज्यांना तेरावाही नकारच आला, त्यांची नावं कुणाच्या तोंडी नसतात, म्हणून ती दाखल्याला येत नाहीत. दिलासा असा गाळून गाळून आपल्यापर्यंत पोचतो.

काहीजण त्याहून पुढे जातात आणि अमेरिकन लेखक जॉन केनेडी टूलचं नाव घेतात. नाकारलेली कादंबरी, आणि थेट पुलित्झर! अहो, त्यानं १९६९ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी आत्महत्या केली. कादंबरी आली १९८० मध्ये, तीही त्याच्या आईनं चिकाटी सोडली नाही म्हणून. पुरस्कार १९८१ चा. हा कसला धीर देणं झालं? मला माझं पुस्तक हातात घ्यायचंय, तेही जिवंतपणी.

मला नेमकं काय हवंय, याचा खुलासा एका पत्रामुळे झाला. एका प्रकाशन संस्थेला बाड मेल केलं आणि त्याच संध्याकाळी उत्तर: "अत्यंत सकस लेखन, समाजाला अशा साहित्याची नितांत गरज आहे." खाली योजना. अमुक रक्कम भरा, इतक्या प्रती, मुखपृष्ठ आमच्याकडून, प्रकाशन समारंभाचा खर्च वेगळा. एवढी जाडजूड कादंबरी दुपारच्या दुपारी वाचून कशी झाली, म्हणून मी विचारलं, "मधल्या भागात कोण मरतं, ते पटलं का?" उत्तर आलं, की मलपृष्ठावर लेखकाचा रंगीत फोटोही योजनेत धरलेला आहे.

स्वखर्चानं पुस्तक काढणाऱ्यांना मी नाक मुरडत नाही. जेन ऑस्टिनची पहिली छापलेली कादंबरी १८११ मध्ये तिच्याच जोखमीवर निघाली. तोटा झाला असता तर तो तिनं भरायचा होता. फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तनंही १९१३ मध्ये पदरचे पैसे घातले. आपण छपाई विकत घेतोय हे माहीत असेल तर व्यवहार चोख आहे. पण जो कुणालाच नाही म्हणत नाही, त्याच्या 'हो'चं मी काय करू? मला होकार हवाय तो ज्याला नकार देता येतो त्याच्याकडून.

आणि होकार आला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. याच ऑस्टिनची एक कादंबरी १८०३ मध्ये एका प्रकाशकानं १० पौंडांना विकत घेतली आणि छापलीच नाही. १८०९ मध्ये तिनं विचारणा केली तर उत्तर मिळालं, तेवढेच पैसे द्या आणि परत न्या. १८१६ मध्ये ती परत मिळाली. छापून आली ती तिच्या मृत्यूनंतर.

माझी आशा वेगळ्याच गोष्टीवर टांगलेली आहे. इंग्रज लेखक विल्यम गोल्डिंगची पहिली छापलेली कादंबरी, 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज', अनेक ठिकाणांहून साभार परत येत फेबर या प्रकाशन संस्थेकडे पोचली. तिथं बाडं वाचायला नेमलेल्या वाचकानं ती नीरस आणि निरर्थक ठरवली होती. चार्ल्स माँटीथ हा संस्थेत नवा होता. त्यानं बाड उचललं, सुरुवात रेटून पुढे वाचलं आणि ती कादंबरी त्याला धरून बसली. मग त्यानं गोल्डिंगला तीच सुरुवात, अणुयुद्धाची, काढायला लावली. नावही बदललं गेलं. १९५४ मध्ये पुस्तक निघालं. पुढच्या नोबेलचं मला काही नाही. मला हेवा वाटतो तो त्या कात्रीचा. आपल्या कादंबरीतला कुठला भाग मेलेला आहे हे परक्या माणसानं बोट ठेवून सांगणं! घरचे सांगत नाहीत, मित्र तर नाहीच नाही. पैसे भरून छापणारा कशाला सांगेल?

प्रकाशकांची बाजू मला कळते. कविता चाळता येते, कथा एका बैठकीत होते. कादंबरी दिवस खाते, आणि नाकारलेल्या बाडाच्या वाचनाचे पैसे कुणी देत नाही. छोट्या संस्थेत निवड, प्रूफं, वितरण, वसुली सगळं त्याच दोन-तीन माणसांवर. म्हणून महिनोन्‌महिने उत्तर येत नाही याचा मला राग येत नाही. (येतो. पण गिळतो.) अभिप्राय लिहायला वेळ नसतो हेही मान्य. सध्या माझं बाड एका ठिकाणी आहे, पोच आलेली आहे, आणि त्यांच्याकडे माझं एवढंच मागणं आहे: नाही म्हणायचं तर खुशाल म्हणा, फक्त कितव्या पानावर थांबलात तो आकडा कळवा.