मागील पानावरून पुढे चालू

दर दुसऱ्या शुक्रवारी दुपारी चार वाजता आमच्या सॉफ्टवेअर टीमची रेट्रो असते. पूर्ण नाव स्प्रिंट रेट्रोस्पेक्टिव्ह, पण तेवढं म्हणेपर्यंत कुणाला तरी क्लायंटचा कॉल येतो. दोन आठवड्यांचं काम, म्हणजे एक स्प्रिंट, संपलं की टीमने एकत्र बसायचं आणि काय बरं झालं, काय बिनसलं, पुढच्या खेपेला काय बदलायचं, ते मोकळेपणाने बोलायचं. मोकळेपणाने, आणि तेही शुक्रवारी संध्याकाळच्या तोंडावर, हिंजवडीत! इथे पावणेपाचला निघालेला आणि सव्वापाचला निघालेला, या दोघांच्या घरी पोचण्यात एका जेवणाचं अंतर पडतं. त्यामुळे चार वाजून दहा मिनिटांनी प्रत्येकाला आपली टीम निर्दोष वाटू लागते.

सुरुवातीला स्क्रम मास्टर, म्हणजे ही बैठक चालवणारा, नॉर्म केर्थ या अमेरिकन गृहस्थांचं एक वचन वाचून दाखवतो. त्याचा आशय असा, की जे काही उघडकीस येईल ते येवो, पण त्या वेळची माहिती, कौशल्य आणि साधनं पाहता प्रत्येकाने आपल्या परीने उत्तमच काम केलं, हे आपण मनापासून मानतो. शाळेत ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ म्हणता म्हणता पुढच्या मुलाची टोपी ओढायचो, त्याच भक्तिभावाने आम्ही हे ऐकतो. पुढचं वाक्य असतं, “पण मी तर मंगळवारीच सांगितलं होतं.”

मग ऑनलाइन बोर्डवर पिवळ्या चिठ्ठ्या पडायला लागतात. चांगल्याच्या रकान्यात ‘टीमवर्क उत्तम’, वाईटाच्या रकान्यात ‘टीममध्ये संवाद नाही’. दोन्ही शेजारीशेजारी सुखाने नांदतात. चिठ्ठ्या निनावी असतात म्हणे. पण ‘काइंडली’ दिसलं की त्या टेस्टिंगवाल्या मॅडम, आणि स्वल्पविरामाशिवाय चार तक्रारी एका दमात कोंबलेल्या असल्या की तो बॅकएंडवाला. ‘काही जणांनी स्टँडअपला (म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीला) वेळेवर यावं’ यातले काही जण कोण, हे त्या काही जणांखेरीज सगळ्यांना ठाऊक असतं.

हे सगळं आलं कुठून? फेब्रुवारी 2001मध्ये सतरा मंडळी अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड या बर्फाळ ठिकाणी जमली आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. त्यासोबतच्या बारा तत्त्वांपैकी शेवटचं हेच, की टीमने ठरावीक काळाने थांबून स्वतःकडे पाहावं आणि वागणं सुधारावं. पण मूळ आणखी मागे, जपानात, टोयोटाकडे जातं. टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोदा यांचा 1924चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. खराब कापड विणलंच जायचं नाही, आणि एका माणसाला अनेक माग सांभाळता यायचे. पुढे मोटारींच्या कारखान्यात हीच अक्कल दोरीच्या रूपाने आली. काही गडबड दिसली की कुठल्याही कामगाराने दोरी ओढायची, गटप्रमुख धावत यायचा, आणि ठरल्या वेळात निस्तरलं नाही तर अख्खी लाइन थांबायची. दोरी ओढणाऱ्याला कुणी डोळे वटारायचे नाहीत, हे त्यात गृहीत.

दोरी आमच्याकडेही आहे. मध्यंतरी एका नव्या पोराने बुधवारच्या स्टँडअपमध्ये ती ओढली. म्हणाला, टेस्ट सर्व्हरवरचा डेटाच चुकीचा आहे. त्याला उत्तर मिळालं, “व्हेरी गुड पॉइंट, रेट्रोत घेऊ.” म्हणजे धागा बुधवारी तुटला आणि माग पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत खडखडत राहिला. त्या शुक्रवारी आम्ही कापड पसरून भोकं मोजली आणि त्यांना पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या.

टोयोटाचे ताइइची ओनो पाच वेळा ‘का’ विचारायला सांगत. त्यांचंच उदाहरण आहे. मशीन का थांबलं? जास्त भार येऊन फ्यूज उडाला. भार का आला? बेअरिंगला पुरेसं तेल नव्हतं. का? पंप नीट तेल ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. बसवा गाळणी, विषय संपला.

आम्हीही विचारलं. रिलीज का लांबली? टेस्टिंगला वेळ उरला नाही. का? बिल्ड, म्हणजे तपासायची तयार आवृत्ती, उशिरा मिळाली. का? स्टेजिंग सर्व्हरची (जिथे रिलीजआधी सगळं चालवून बघतात) डिस्क भरली होती. का? जुन्या लॉग फाइल्स कुणी उडवत नाही. का? आपल्याला परवानगी नाही. इथे सगळे सावरून बसले, कारण गाळणी दिसायला लागली होती. तेवढ्यात इतका वेळ कॅमेरा बंद ठेवून बसलेले मॅनेजर प्रकट झाले. “हे आपण ऑफलाइन घेऊ.” ऑफलाइन ही जागा नेमकी कुठे आहे, ते मला अजून सापडलेलं नाही, पण आमच्या टीमचे निम्मे प्रश्न तिथे सुखरूप आहेत. अ‍ॅक्शन आयटम लिहिला गेला, ‘सर्वांनी डिस्क स्पेसवर लक्ष ठेवावे’. जबाबदारी: टीम. हेच लोक ओनोंच्या कारखान्यात असते, तर ‘सर्व कामगारांनी मशीनची काळजी घ्यावी’ अशी पाटी लागली असती आणि कीस आत जातच राहिला असता.

ओनोंच्या सात अपव्ययांच्या यादीत साठा येतो. मेरी आणि टॉम पॉपेन्डिक यांनी 2003 साली ही यादी सॉफ्टवेअरला लावली आणि सांगितलं, अर्धवट पडलेलं काम हाच इथला साठा. त्या हिशेबाने आमची अ‍ॅक्शन आयटमची यादी म्हणजे तुडुंब गोदाम. ‘विकी अपडेट करणे’ हा त्यातला सर्वांत ज्येष्ठ नागरिक. तो ज्याच्या नावावर होता त्याने राजीनामा दिला, नोटिस पिरियड काढला, सगळ्यांना केक भरवला, तो गेला. आयटम अजून त्याच्याच नावावर आहे. 2017च्या स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे या कामाच्या पद्धतीच्या नियमपुस्तिकेत, निदान एक सुधारणा पुढच्या स्प्रिंटच्या कामातच धरा, असं बजावलं होतं. 2020च्या आवृत्तीत ते ‘हवं तर धरा’ इतकं सैल झालं. आम्ही काळाच्या पुढे, 2017च्या आधीपासूनच सैल.

त्या नव्या पोराला मात्र हे काही माहीत नव्हतं. सोमवारी तो सरळ तिसऱ्या मजल्यावर इन्फ्रावाल्यांकडे, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे, गेला, एकाच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि म्हणाला, “दादा, जरा ही डिस्क बघता का?” दादांनी चहा बाजूला ठेवला, दोन-चार ओळी टाइप केल्या, रोज रात्री जुन्या फाइल्स आपोआप उडतील अशी व्यवस्था केली. वर म्हणाले, “एवढंच ना? आधी कुणी बोललंच नाही.”

डिस्क तेव्हापासून भरलेली नाही. पोराला मंगळवारी मॅनेजरांची मेल आली, सीसीमध्ये अर्धं ऑफिस. पहिल्या ओळीत अभिनंदन. दुसऱ्या ओळीत, तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या अप्रूव्हलने गेला होतास?