टायरची हवा सोडून एक्सप्रेसवेवर जाऊ नका

'मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचं सत्य' असा एक मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातले दावे असे: रस्ता रिलायन्सने बांधला, २०१९ पासूनचा टोल बेकायदा आहे, सिमेंटमुळे टायर फुटतात, म्हणून आधी हवा पाच-सात पॉइंट कमी करा. आमच्या भाऊजींनी पोरांना घेऊन पुण्याला निघताना खरोखरच पंपावर हवा सोडली. म्हणून हे लिहितोय.

हवेचंच आधी. हवा कमी केली की टायर गार राहत नाही, उलट जास्त तापतो. गाडीच्या वजनाने तो दबतो, चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजू वाकते आणि परत ताठ होते. उष्णता त्यातूनच येते. ताशी १०० च्या वेगाने हे चालत राहिलं की आतले थर सुटतात आणि टायर फुटतो. म्हणजे अपघात टाळायचा म्हणून सांगितलेला उपायच अपघात घडवणारा! धावताना टायरमधला दाब वाढतो, हे खरं आहे. पण कंपनी ते धरूनच आकडा ठरवते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो तो वाचा. तो आकडा थंड टायरचा असतो, आणि गाडी माणसांनी-सामानाने भरलेली असेल तर बहुतेक वेळा त्याहून जास्त हवा सांगितलेली असते.

सिमेंटबद्दल म्हणाल तर भर उन्हात काळं डांबर त्याहून जास्त तापतं. झिजलेले, जुने टायर या वेगाला टिकत नाहीत, एवढं मान्य. मग टायर बदला ना!

या रस्त्यावर २०१६ साली १५१ माणसं गेली. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्ते सुरक्षेवर काम करणारी संस्था, राज्याचं रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी काम हाती घेतलं. रेलिंग सुधारली, कडेला उभ्या वाहनांवर आणि वेगावर लक्ष ठेवलं. २०२० पर्यंत मृत्यू निम्म्याहून खाली आले. लॉकडाऊनचा वाटा त्यात आहेच, पण घट आधीपासूनच सुरू होती. सिमेंट मात्र तेच होतं.

रिलायन्सची निविदा ३,६०० कोटींची होती. ती नाकारली गेली. महामंडळाने कर्जरोखे काढून साधारण १,६०० कोटींत काम केलं आणि २००२ मध्ये कळंबोली ते किवळे हा ९४.५ किलोमीटरचा रस्ता पूर्ण सुरू झाला.

टोलचा राग मलाही आहे. २००४ चा पंधरा वर्षांचा करार २०१९ मध्ये संपला, हेही खरं. पण २०२० मध्ये नवा करार झाला, २०३० पर्यंतचा. त्यावर जरूर भांडा, कोर्टात जा; पण 'बेकायदा आहे, नाक्यावर थांबू नका' हा सल्ला देऊ नका.

मेसेज पुढे पाठवला असेल तर नुसता डिलीट करून भागणार नाही. ज्यांना पाठवलात त्यांना निघण्याआधी फोन करा आणि हवा पूर्ण भरायला सांगा.