डायल-अप जोडणी आपोआप सुरक्षित होत नाही

जुनी यंत्रसामग्री सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला गेली कित्येक वर्षे हातोहात फिरत आहे. दूरच्या संगणकावर काम करायचे असेल तर इंटरनेटच्या वाटेला जाऊच नये, साधा टेलिफोन मॉडेम (संगणकाची माहिती टेलिफोनच्या तारेवरून पाठवणारे यंत्र) लावावा, ऑटो-आन्सर, म्हणजे आलेला फोन आपोआप उचलण्याची सोय, चालू करावी आणि निश्चिंत व्हावे, असे त्यात सांगितलेले असते. कारणेही दिलेली असतात: ही लाइन इंटरनेटवर नसते, नंबर बाहेरच्यांना ठाऊक नसतो, कॉलबॅक, म्हणजे उलट फोन करण्याची सोय, लावला की पासवर्डची फारशी गरज उरत नाही, मॉडेम जोडायच्या पोर्टचा वेग ११५२०० बिट प्रतिसेकंद ठेवला की काम झपाट्याने होते, आणि फोन ठेवला की दार बंद होते. पुढे कधी नेटवर्कवर जायचे झालेच तर दूरचा संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेमच्या जागी टीसीपी/आयपी (इंटरनेटवर वापरली जाणारी संपर्कपद्धत) निवडावे, बाकी सारे तसेच ठेवावे, हा त्याचा शेवट असतो.

अशा जोडण्या बसवण्यात आणि इतरांनी बसवलेल्या दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि हा सल्ला जसाच्या तसा अमलात आणलेली यंत्रे मी पाहिली आहेत. त्यातल्या काही विधानांत सत्याचा अंश आहे, म्हणून ती सरसकट खोडून काढण्यापेक्षा एकेक करून तपासणे मला आवश्यक वाटते.

लाइन इंटरनेटवर नसते, हे पहिले विधान लाइनपुरते खरे आहे. इंटरनेटवरून पोर्ट, म्हणजे संगणकाची नेटवर्ककडची क्रमांकित दारे, चाचपणाऱ्याला टेलिफोनच्या तारेपर्यंत पोहोचता येत नाही, आणि नेटवर्क कोलमडले तरी ही वाट चालू राहते. राउटर आणि स्विच या नेटवर्क चालवणाऱ्या यंत्रांना संकटकाळी हाताळण्यासाठी आजही मॉडेम जोडून ठेवतात तो याच गुणामुळे. परंतु ज्या संगणकाला मॉडेम जोडला आहे तो संगणक बहुतेक वेळा कार्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कवरही असतो. मग फायरवॉल (बाहेरून येणारी रहदारी तपासणारी यंत्रणा) पुढच्या दाराशी पहारा देत राहते आणि टेलिफोनवरून आलेला माणूस तिला न भेटताच थेट आतल्या खोलीत उतरतो. विंडोज एनटी या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या संगणकप्रणालीच्या रिमोट ॲक्सेस (दुरून जोडण्याच्या) सेवेत याच कारणासाठी एक स्वतंत्र निवड दिलेली होती: कॉल करणाऱ्याला फक्त याच संगणकापर्यंत पोहोचू द्यायचे की संपूर्ण नेटवर्कपर्यंत. ही निवड न वाचता पुढे गेलेल्या माणसाने मॉडेम कितीही काळजीपूर्वक बसवला असला, तरी त्याने नेटवर्कला मागचे दार करून ठेवले आहे.

याच विधानात ऑटो-आन्सरचा मुद्दा दडलेला आहे आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. मॉडेमच्या एस० या रजिस्टरमध्ये (सेटिंग साठवण्याच्या जागेत) १ लिहिले की पहिल्याच रिंगला मॉडेम स्वतः फोन उचलतो, मग त्यामागचे सॉफ्टवेअर चालू असो वा नसो. त्याऐवजी एस० शून्य ठेवून फोन उचलण्याचे काम सॉफ्टवेअरकडे सोपवले, तर ते रिंग वाजल्याची खूण पाहून स्वतः उत्तर देण्याचा आदेश पाठवते. सॉफ्टवेअर बंद असेल तर घंटा नुसती वाजत राहते आणि कोणीही आत येत नाही. शक्य असेल तेथे मी दुसरीच पद्धत वापरतो आणि इतरांनाही तीच सुचवतो.

नंबर कुणाला ठाऊक नसतो, या दुसऱ्या विधानाला साध्या गणिताने उत्तर देता येते. एखाद्या टेलिफोन केंद्रातील नंबरांचे सुरुवातीचे अंक ठरलेले असतात आणि शेवटचे चार बदलतात, म्हणजे एकूण १०,००० नंबर होतात. प्रत्येक नंबर लावून, वाट पाहून, फोन ठेवायला सरासरी ४५ सेकंद धरली तरी एकच मॉडेम ४,५०,००० सेकंदांत, म्हणजे १२५ तासांत, सगळे नंबर चाचपून होतो. चार मॉडेम लावले तर दीड दिवससुद्धा लागत नाही. कोणत्या नंबरावर माणूस बोलला आणि कोणत्या नंबरावर मॉडेमची शिट्टी ऐकू आली याची यादी करणे हे प्रोग्रॅमचे काम आहे. त्यासाठी जागे राहावे लागत नाही. वॉर डायलिंग या नावाने ही पद्धत १९८० च्या दशकापासून ओळखली जाते. नंबर लपवल्याने फार तर काही दिवस मिळतात.

कॉलबॅकविषयीचे तिसरे विधान मला सर्वांत चिंताजनक वाटते, कारण ते सुरक्षेच्या नावाखाली सुरक्षा काढून घेते. कॉलबॅक म्हणजे कॉल आल्यावर यजमान संगणकाने (ज्यावर दुरून काम करायचे त्याने) फोन ठेवायचा आणि ठरलेल्या नंबरावर स्वतः उलट फोन करायचा. यात दोन प्रकार असतात आणि त्यांतला फरक न कळल्याने अनेक घोटाळे होतात. एका प्रकारात परत कोणत्या नंबरावर फोन करायचा हे व्यवस्थापकाने आधीच नोंदवलेले असते. दुसऱ्यात कॉल करणाराच तो नंबर सांगतो. दुसरा प्रकार केवळ फोनचे बिल कोणी भरायचे हे ठरवण्यासाठी आहे. पाहुण्यानेच सांगितलेल्या पत्त्यावर जाऊन त्याची ओळख पटवता येत नाही.

पहिला प्रकारही वाटतो तितका भक्कम नाही. अनेक टेलिफोन केंद्रांत, ज्याने फोन लावला त्याने तो खाली ठेवेपर्यंत लाइन लगेच सुटत नाही. यजमान मॉडेमने फोन ठेवला, पण कॉल करणाऱ्याने लाइन धरून ठेवली आणि डायल टोनसारखा आवाज ऐकवला, तर यजमान मॉडेम आपण नवा फोन लावत आहोत अशा समजुतीत अंक फिरवतो आणि प्रत्यक्षात त्याच माणसाशी पुन्हा जोडला जातो. ज्या मॉडेमला डायल टोनची वाट न पाहता आंधळेपणाने अंक फिरवण्याची आज्ञा दिलेली असते, त्याच्याबाबतीत तर टोन ऐकवण्याचेही कष्ट पडत नाहीत. म्हणून परतीचा कॉल वेगळ्या, फक्त बाहेर जाणाऱ्या लाइनवरून करावा, हा जुना नियम आहे. आणि एवढे करूनही, नोंदवलेला नंबर कोणी दुसरीकडे वळवून घेतला असेल तर उलट कॉल निमूटपणे तिकडेच जातो. कॉलबॅक ही पासवर्डच्या जोडीला घेण्याची खबरदारी आहे. पासवर्डही कसा पाठवला जातो ते पाहावे लागते: पीपीपी या डायल-अपच्या नेहमीच्या जोडणीत ओळख पटवण्यासाठी पीएपी ही पद्धत निवडली तर तो उघडाच जातो, तर सीएचएपी या दुसऱ्या पद्धतीत यजमान एक आव्हान (दर वेळी बदलणारा आकडा) पाठवतो आणि पासवर्ड तारेवर न येता त्यापासून काढलेले उत्तर परत येते.

११५२०० या आकड्याबद्दल थोडक्यात सांगतो. हा वेग संगणक आणि मॉडेम यांच्यातील वायरीचा आहे. टेलिफोन लाइनवर दोन साधे ॲनालॉग मॉडेम एकमेकांशी व्ही.३४ या मॉडेमच्या मानकाप्रमाणे जास्तीत जास्त ३३,६०० बिट प्रतिसेकंद या वेगाने बोलतात. व्ही.९० या नंतरच्या मानकाचा ५६,००० हा आकडा, एका टोकाची जोडणी डिजिटल असेल तरच आणि तोही एकाच दिशेने लागू होतो. १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा, २५६ रंगांचा पडदा म्हणजे ७,८६,४३२ बाइट. दाबून (आकाराने लहान करून) न पाठवता तो ३३,६०० च्या लाइनवरून आणायला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागेल. म्हणूनच दूरचा संगणक चालवणारी सॉफ्टवेअरे पडद्याचा फक्त बदललेला भाग पाठवतात, आणि म्हणूनच यजमान संगणकाच्या पडद्यामागचे सजावटीचे चित्र काढून टाकणे व रंग कमी करणे याने जो फरक पडतो तो पोर्टचा आकडा वाढवून पडत नाही. पोर्टचा वेग लाइनपेक्षा जास्त ठेवणे बरोबरच आहे, कारण मॉडेम मजकूर दाबून पाठवत असतो. मात्र त्याबरोबर आरटीएस/सीटीएस हे हार्डवेअर प्रवाह-नियंत्रण (थांब किंवा पाठव असे वायरीवरून सांगण्याची सोय) चालू हवे, नाहीतर बाइट गळतात आणि दोष लाइनला दिला जातो.

आता नेटवर्कविषयी. फक्त टीसीपी/आयपी निवडा आणि बाकी तसेच ठेवा, हे वाक्य लिहिणाऱ्याने दोन्ही जोडण्यांचा स्वभाव एकच धरला आहे. मॉडेमवर एका वेळी एकच माणूस येऊ शकतो, प्रत्येक प्रयत्नाला फोन लागून दोन्ही मॉडेमचे जुळेपर्यंत अर्धा मिनिट सहज जाते, आणि तीन चुकांनंतर लाइन तोडली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पासवर्ड ओळखू पाहणाऱ्याला हा एक नैसर्गिक लगाम असतो. नेटवर्कवर तो नाहीसा होतो. तेथे एका सेकंदात अनेक प्रयत्न होऊ शकतात, म्हणून चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते काही काळ बंद करण्याची मर्यादा आपल्यालाच घालावी लागते. मॉडेमच्या काळात चालून गेलेला चार अक्षरी पासवर्ड येथे तसाच ठेवणे म्हणजे तो न ठेवण्यासारखेच आहे.

पोर्ट उघडण्याचेही असेच आहे. पीसीएनीव्हेअर हे दूरचा संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर टीसीपीच्या ५६३१ क्रमांकाच्या पोर्टवर माहिती आणि यूडीपी या दुसऱ्या संपर्कपद्धतीच्या ५६३२ वर स्थिती पाठवत असे. राउटरवर त्यांतला एकच पुढे वळवला की यजमान चालू असूनही सापडत नाही, आणि मग वैतागून सगळेच पोर्ट उघडून टाकण्याचा मोह होतो. पोर्टचा आकडा बदलून लपता येईल, ही समजूत तर नंबर लपवण्याच्या समजुतीचीच बहीण आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये तयार केलेले झेडमॅप हे साधन एका पोर्टसाठी जवळजवळ संपूर्ण आयपीव्ही४ (चार आकड्यांच्या पत्त्यांचे) इंटरनेट ४५ मिनिटांच्या आत तपासू शकत होते. जानेवारी २०१२ मध्ये पीसीएनीव्हेअर बनवणाऱ्या सिमँटेक कंपनीने आपल्या २००६ सालच्या सोर्स कोडची चोरी झाल्याचे मान्य केले आणि दुरुस्ती येईपर्यंत पीसीएनीव्हेअर बंद ठेवण्याचा सल्ला दिला. त्या दिवशी ज्यांचा ५६३१ पोर्ट इंटरनेटकडे उघडा होता आणि ज्यांचा तो व्हीपीएनच्या (इंटरनेटवरून जाणाऱ्या बंदिस्त खाजगी वाटेच्या) आत होता, त्या दोघांनी सेटिंगच्या खिडकीत निवडलेला शब्द एकच होता, टीसीपी/आयपी.

राहिले फोन ठेवला की दार बंद होते हे विधान. एका ठिकाणी मी रात्री तपासणीसाठी कॉल लावला. शिट्टी झाली, खरखर झाली, मॉडेमवरचा कॅरियरचा, म्हणजे लाइन जुळल्याचा, दिवा लागला, आणि लॉगिन विचारण्याऐवजी काळ्या पडद्यावर नोंदींचा एक तक्ता दिसला. एका रकान्यात अर्धवट टाइप केलेला आकडा होता आणि त्याच्या शेवटी कर्सर लुकलुकत होता. दुपारी कुणाची तरी लाइन मध्येच तुटली होती. तिथपासून त्या व्यक्तीचे सेशन (लॉगिन करून चालू असलेले काम) तिच्या सर्व अधिकारांसह तसेच उघडे होते, आणि पुढचा कॉल करणारा मी असल्यामुळे ते माझ्या हाती आले. माझ्याऐवजी दुसरे कोणीही असते तरी त्याला ते मिळाले असते.

कारण मॉडेमला दिलेल्या आज्ञांमध्ये होते. &सी० असल्याने कॅरियर असल्याची खूण कायम चालूच राहत होती, त्यामुळे लाइन तुटल्याचे संगणकाला कधी कळलेच नाही. तेथे &सी१ हवे, म्हणजे ती खूण प्रत्यक्ष लाइनप्रमाणे चालू-बंद होते; आणि &डी२ हवे, म्हणजे संगणकाने डीटीआरची (आपण तयार असल्याची) खूण काढून घेताच मॉडेम फोन ठेवतो. शिवाय सॉफ्टवेअरमध्ये, जोडणी अनपेक्षितपणे तुटल्यास काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर वापरकर्त्याला बाहेर काढणे किंवा संगणक कुलूपबंद करणे असेच निवडावे. नव्या कॉलची वाट पाहत राहणे एवढेच निवडून सोडू नये. बसवून झाल्यावर मी सेशन चालू असताना भिंतीतून टेलिफोनची वायर उपसतो, एक मिनिट थांबतो आणि पुन्हा कॉल लावतो. पडद्यावर लॉगिन आले तरच काम पुरे झाले असे मानतो.

नेटवर्कवर हीच परीक्षा अधिक कडक करावी लागते, कारण तेथे कॅरियर नावाची खूणच नसते. केबल उपसली आणि पाठवायचे काही नसले, तर टीसीपी जोडणी दुसऱ्या टोकाला जिवंतच दिसत राहते. जोडणी जिवंत आहे का हे विचारणारा कीप-अलाइव्ह संदेश चालू असला तरी १९८९ च्या आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या नियमपत्राप्रमाणे त्याचा मूळ अवधी दोन तासांपेक्षा कमी नसतो. त्यामुळे हालचाल नसलेले सेशन किती मिनिटांनी बंद करायचे हा आकडा सॉफ्टवेअरच्याच सेटिंगमध्ये भरावा लागतो, आणि मॉडेमवरून नेटवर्कवर आणलेल्या बहुतेक यंत्रांवर मला तो रकाना रिकामा सापडला आहे.