ग्रांदे, ग्रांदोते, ग्रांदोतोते

मेक्सिकोत आल्यावर मोठ्या वस्तूला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं हे शिकणं म्हणजे ग्रांदे एवढा एक शब्द पाठ केला की संपलं असं मला वाटलेलं. पुल्लिंगी स्त्रीलिंगी दोघांनाही चालतो, मी एकदम खूश. मग कळलं की नामाच्या आधी आला तर त्याचं ग्रान होतं आणि अर्थ बऱ्याचदा 'थोर' होतो, आणि सेन्योरा ग्रांदे म्हणजे धिप्पाड बाई नव्हे तर वयस्कर बाई. हे तरी ठीक आहे, आपणही 'घरात मोठं माणूस आहे' म्हणतो तेव्हा काही टेप घेऊन उंची मोजत नाही.

पण खरोखरच अवाढव्य काही असलं की इथली माणसं सरळ नामालाच शेपूट लावतात. ओन, ओते, आसो, जे हाताला लागेल ते. सिया म्हणजे खुर्ची तर सियोन म्हणजे मोठी गुबगुबीत आरामखुर्ची, समजलं. मग पेलो म्हणजे केस तर पेलोन म्हणजे कोण, भरघोस केसांचा ना? नाही, टकला! राता म्हणजे चांगला दांडगा उंदीर आणि रातोन म्हणजे त्याचं चिटुकलं व्हर्जन. वर आपल्या डोक्यात सुरा मोठा, सुरी लहान, हातोडा मोठा, हातोडी लहान हे लहानपणापासून फिट बसलेलं, आणि इथे चार्को म्हणजे पावसाचं डबकं पण चार्का त्याच्याहून मोठी. आसोचं तर विचारूच नका. गोलासो म्हणजे जबरदस्त गोल, मॅच असली की गल्लीभर ऐकू येतो. चांक्ला म्हणजे चप्पल. तर चांक्लासो म्हणजे भलीमोठी चप्पल? छे, चपलेचा फटका. इथल्या आया हा शब्द शिकवायला व्याकरणाचं पुस्तक उघडत नाहीत.

हे सगळं सहन केलं असतं, पण गणपती आले आणि मोदकपात्र राहिलं पुण्यात. घरमालकीण म्हणाली, मिहा, तामालेस (मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळून वाफवलेले) उकडायची वापोरेरा घे की. (मिहा म्हणजे माझी पोरगी, इथे भाजीवालीसुद्धा म्हणते.) बाजारात भांडीवाल्या बाईने ग्रांदे म्हणून जी काढली तिच्यात पाच-सहा मोदक कसेबसे मावले असते. मी म्हटलं मास ग्रांदे, अजून मोठी. तिने आतून दुसरी आणली, मी परत मास ग्रांदे, आता मागे उभ्या असलेल्या दोघीतिघी पण इंटरेस्ट घ्यायला लागल्या. शेवटी बाईने दोन्ही हात फाकवले आणि विचारलं, ग्रांदोता? का ग्रांदोतोता? जितके 'तो' जास्त तितके हात लांब. 'तोता' ऐकून माझा मुलगा दुकानात पोपट शोधायला लागला. मी आपलं सगळ्यात लांबवालं सांगून टाकलं.

तर ती वापोरेरा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, दोन बाजूंना कान, तळाशी पाणी आणि त्याच्यावर भोकांची ताटली. बसमध्ये तिला सीट मिळाली, मी उभी. घरी मालकीणबाईंनी पाण्यात पेसोचं एक नाणं टाकलं. पाणी उकळतंय तोवर नाणं खडखडत राहतं, आवाज थांबला की समजायचं पाणी संपलं, झाकण उघडून वाफ घालवायची गरज नाही. मोदकांना एवढा वेळ लागतच नाही, पण मी गप्प बसले कारण आयडिया भारीच आहे, आणि मोदकही तीच वळत होती, तिच्या पाकळ्या माझ्यापेक्षा बऱ्या येत होत्या.

आता ती वापोरेरा तिने बुक करून ठेवलीय. 6 जानेवारीच्या रोस्कात, म्हणजे कड्यासारख्या गोड पावात, ज्याच्या वाट्याला लपवलेलं बाहुलीएवढं बाळ येतं त्याने 2 फेब्रुवारीला सगळ्यांना तामालेस खिलवायचे असतात, आणि यंदा बाळ आपल्यालाच येणार अशी तिची खात्री आहे. परत कधी देणार विचारलं तर म्हणाली, बघू मिहा, त्यानंतर भाचीचं लग्न आहे, मोठ्ठं.

'मोठ्ठं' हे ती मराठीत म्हणाली. माझ्या मुलाने शिकवलंय.