तारवाचं माप आणि ब्रायटनचं चर्च

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनला जाऊन आलेलं कुणी ना कुणी सेंट बार्थोलोम्यू चर्चचा फोटो टाकतंच. खाली ठरलेला मजकूर: 'हे चर्च नोहाच्या तारवाच्या हुबेहूब मापाने बांधलंय. हे इंग्लंडमधलं सर्वात उंच चर्च. आतलं सगळं १८७४ सालचं, जसंच्या तसं. एका धनाढ्य पाद्र्याने श्रीमंत पाहुण्यांसाठी उभारलेलं.' चार वाक्यं, त्यातलं एकही धड नाही.

तारवापासूनच सुरू करू, म्हणजे बायबलमधल्या महापुरात नोहाने माणसं-जनावरं वाचवली त्या नावेपासून, कारण तिथे शाळेतलं गणित पुरतं. बायबलमध्ये माप दिलेलंच आहे: तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, ढोबळमानाने दीड फूट. म्हणजे तारू ४५० फूट लांब, ७५ रुंद आणि ४५ उंच. चर्च साधारण १७० फूट लांब, ५८ रुंद आणि आढ्यापर्यंत १३५ उंच. लांबीला निम्म्याहून कमी, उंचीला तिप्पट!

यावर हमखास उत्तर येतं, की त्या काळचा हात वेगळा असेल. असेलही. गजरा घेताना फुलवालीचा हात आपल्या हातापेक्षा आखूडच भरतो, हा अनुभव सगळ्यांचाच आहे. पण हात कुणाचाही धरा, तारवाची लांबी रुंदीच्या सहापटच राहणार आणि उंची रुंदीपेक्षा कमीच. चर्चची लांबी रुंदीच्या जेमतेम तिप्पट आहे आणि उंची दुपटीहून जास्त. मूळ आराखड्यातला वेदीकडचा भाग बांधायचा राहून गेला हे खरं, पण तो जमेस धरूनही भागत नाही. ५८ फूट रुंदीच्या तारवाला ३४८ फूट लांबी लागते, आणि छप्पर खाली ३५ फुटांवर आणावं लागतं.

'नोहाचं तारू' हे गावातलं टोपणनाव मात्र खरंच आहे. मला वाटतं, ते दिसण्यावरून पडलं असावं. चर्च बांधलं त्या काळी इंग्लंडमधल्या घरांत लाकडी तारवाचं खेळणं असायचं. कर्मठ घरांत रविवारी इतर खेळ बंद, पण बायबलमधलं म्हणून हे चालायचं. नावेवर उतरत्या छपराचं लांबट घर ठेवलेलं, असा त्याचा घाट. हे चर्चही तसंच: ना मनोरा, ना कळस, नुसत्या विटांच्या उंच सपाट भिंती आणि वर मोठं उतरतं छप्पर. टोपणनाव आधी आणि माप नंतर चिकटलं असेल, तर त्यात नवल नाही.

'सर्वात उंच'चा निकाल एका ओळीत लागतो. लाउथ गावच्या सेंट जेम्स चर्चचा कळस २८७ फुटांच्या घरात आहे, सॉल्सबरी कॅथीड्रलचा ४०४. बार्थोलोम्यूचं नाव आहे ते आतल्या मुख्य दालनाच्या उंचीसाठी, आणि ते वाजवीच आहे.

आतलं सगळं १८७४ चं? इमारत वास्तुकार एडमंड स्कॉटची, ती त्या वर्षी उघडली, इतकं बरोबर. पण वेदीवरचं ते संगमरवरी छत्र हेन्री विल्सनचं, १९०० च्या आगेमागेचं. वेदीमागचं मोझेक तर १९११ चं, म्हणजे राणी व्हिक्टोरिया जाऊन दहा वर्षं झाली होती. फोटोत जे चमकतं ते बहुतेक नंतरचं. स्कॉटचं म्हणून बघायचं तर उघड्या विटा बघा.

राहिले श्रीमंत पाहुणे. ही थाप मला सगळ्यात जास्त खटकते. चर्च उभारणारा आर्थर वॅग्नर पैसेवाला होता, खरं आहे, पण पैसा त्याने खर्च केला तो उलट्या दिशेने. त्या काळी चर्चमधली बाकं भाड्याने जायची. पुढची बाकं घराण्यांच्या नावावर, त्यांना कधी कधी दारं आणि कड्यासुद्धा, आणि गरिबाने मागे कुठेतरी उभं राहायचं. ब्रायटनला तर केवळ भाड्याच्या जोरावर चालणारी खाजगी प्रार्थनाघरंही होती. वॅग्नरने आपल्या चर्चमध्ये हे भाडंच ठेवलं नाही. बार्थोलोम्यूसाठी जागा निवडली तीही समुद्राकाठच्या हॉटेलांजवळ नव्हे, तर आत, रेल्वे स्टेशनच्या बाजूच्या कामकरी वस्तीत. गरिबांसाठी त्याने बांधलेली घरं चारशेच्या आसपास भरतात. फोटोखालच्या मजकुरात त्यातलं एकही घर येत नाही.