बंब म्हणजे कचराभट्टी नव्हे

‘प्लास्टिक बंबात घाला, पाणी फुकट तापवा, राख माडाला द्या. शून्य कचरा कोकण!’ हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. गुहागरच्या आत्येने तो वाचून दुधाच्या पिशव्यांबरोबर जुन्या वायरीही बंबात कोंबायला सुरुवात केलीय, म्हणून हे लिहावं लागतंय.

‘जाळलं की संपलं.’ काय संपलं? वायरीचं आवरण, पाइपचे तुकडे, रेक्झिन हे बहुतेक पीव्हीसी. त्यात क्लोरिन असतो आणि अर्धवट जळताना त्यातून डायॉक्सिन नावाची जहाल विषं तयार होतात. दुधाच्या पिशवीत क्लोरिन नसतो, मान्य; काजळी आणि घाणेरडा धूर असतोच. जागतिक आरोग्य संघटना सांगते, डायॉक्सिन नष्ट करायचं तर ८५० अंश सेल्सिअसच्या वर जाळावं लागतं. बंबात नारळाची चार सोडणं धुमसत असतात!

‘राख माडाला उत्तम.’ इथे माझं डोकंच फिरलं. लाकडाची राख आळ्यात घालतात, पोटॅश मिळतं, हे खरं. त्याच्याच आडून प्लास्टिकची राख परसात शिरलीय. माडाचं सोडा, आत्येच्या कोंबड्या दिवसभर तीच आळी उकरतात. डायॉक्सिन चरबीत साठतं, म्हणजे अंड्याच्या बलकात उतरतं. माणसाच्या शरीरात जाणारं ९० टक्क्यांहून जास्त डायॉक्सिन अन्नातूनच जातं, आणि गेलेलं निम्म्यावर यायला ७ ते ११ वर्षं लागतात, हेही त्याच संघटनेचं म्हणणं. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या नातवंडांना ‘शुद्ध गावठी’ म्हणून आपण हीच अंडी उकडून घालणार.

‘काजूची टरफलंही टाका.’ त्यातल्या तेलाने कातडी सोलवटते, धूर डोळ्यांत झोंबतो. ते तेल रंगात आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये वापरतात. टरफलं घेता का, असं जवळच्या काजू कारखान्यात विचारा.

‘घरी जाळायला कायदा आड येत नाही.’ उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,०००, असा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे. परसातला बंब ‘उघड्यावर’ धरायचा का, यावर वकील खुशाल भांडोत. कोंबड्यांना त्याचं काय?

‘घंटागाडी वाडीत येतेच कुठे?’ येत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण वेंगुर्ला नगरपरिषदेने कचरा वेगळा करून प्लास्टिकचा भुगा डांबरी रस्त्यांत वापरून दाखवलाय. ग्रामसभेत तेवढं तरी विचारा. तोवर पिशव्या धुवून, वाळवून गोणीत भरा. गाडी दोन महिन्यांनी आली तरी त्या कुजणार नाहीत. वायरी भंगारवाला हसत नेईल, वर तांब्याचे पैसेही देईल.